फेल्डस्पार पांढरा कसा करायचा? फ्लोटेशन केलेलं कोणी आहे का इथे?

डोंगरपायथा
नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मूळचा साताऱ्याकडचा, सध्या राजस्थानात ब्यावरजवळ एका ग्राइंडिंग युनिटवर आहे. काम साधं. खाणीतून फेल्डस्पारचा दगड येतो (इथे त्याला भाटा म्हणतात), बायका हातोडीने फोडून त्यातला काळा-काळा भाग निवडून टाकतात, मग क्रशर, मिल, २०० मेश पावडर (मेश म्हणजे चाळणीचा आकडा, जितका मोठा तितका माल बारीक), गोणी, ट्रक, गुजरातेतलं टाइलवाल्यांचं मोरबी. गेल्या सहा महिन्यांत दोन गाड्या परत आल्या. तक्रार एकच, भाजल्यावर रंग येतो. एकदा म्हणाले गुलाबीसर क्रीम आहे, एकदा म्हणाले काळे ठिपके आहेत. आमच्याकडे मॅग्नेट आहे, त्यावरून माल दोनदा काढला, थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही.

मालकांनी कुठेतरी फ्लोटेशनचा (पाण्यात रसायनं टाकून, हवा सोडून फेसातून घाण वेगळी काढायची रीत) व्हिडिओ पाहिला आणि एक छोटा लॅबचा सेल, म्हणजे फेस काढायची टाकी, आणून माझ्यापुढे ठेवला, "इंजिनियर आहेस ना, कर." मी मेकॅनिकलवाला. तरी केलं. पावडर पाण्यात कालवली, ओलिक अ‍ॅसिड टाकलं, पाइन ऑइलचे चार थेंब, हवा सोडली. फेस असा आला की सेलमधून उतू जाऊन टेबल, वही, माझी चप्पल सगळं पांढरं. पण फेसात काळं काही नाहीच, नुसता पांढरा मालच वर येतोय! खाली राहतंय ते आणखी मळकं. तीन दिवस हेच. काय चुकतंय?

जाईजुई
प्रश्न तुमचा फार तांत्रिक आहे पण चप्पल वाचून हसले :) फेल्डस्पार म्हणजे काय आणि तो टाइलमध्ये कशाला लागतो ते आमच्यासारख्यांना दोन ओळीत सांगाल का? घरात फरशी बदलायचं चाललंय म्हणून उत्सुकता.

डोंगरपायथा
@जाईजुई, टाइल म्हणजे माती, क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार असं ढोबळ समजा. भट्टीत ११००-१२०० डिग्रीला फेल्डस्पार आधी वितळतो, काचेसारखा होतो आणि बाकीच्यांना धरून ठेवतो. म्हणून व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही. आणि तो पांढरा भाजला तरच वर हवा तो रंग खुलतो.

बटणवाला
मी मोरबीत एका टाइल कारखान्याच्या लॅबमध्ये आहे, म्हणजे गाड्या परत पाठवणाऱ्या पार्टीतला. शिव्या आधीच स्वीकारतो.

आमच्याकडे पावडर आली की तिचं रुपयाएवढं बटण दाबतो, भट्टीतून काढतो आणि जुन्या चांगल्या बटणाशेजारी ठेवून खिडकीपाशी बघतो. मशीनवर रंगाचे आकडेही घेतो पण खरा निकाल खिडकीतच लागतो. कच्ची पावडर सगळ्यांचीच पांढरी असते हो, तिच्याकडे बघून कोणी फसू नये. भाजल्यावर आयर्न बोलायला लागतं. पॉइंट एक टक्क्याच्या आसपास असेल तर आम्ही कुरकुर करत नाही, पॉइंट तीनला बटण चहाच्या डागासारखं दिसतं. आणि सोबत टायटॅनिया (टायटॅनियमचं ऑक्साइड) असेल तर आणखी वाईट, दोघं मिळून पिवळट करतात.

डोंगरपायथा, तुमच्या दोन तक्रारी या एक तक्रार नाहीत. ठिपके वेगळे, छटा वेगळी. ठिपका म्हणजे एखादा कण तिथे जळलाय. छटा म्हणजे आयर्न सगळीकडे पसरलंय.

शंकेखोर
एवढा खटाटोप कशाला? चांगला रेअर अर्थ रोलचा मॅग्नेट घ्या, कोरडं काम, पाणी नको, केमिकल नको, टाकीत गाळ नको. फ्लोटेशन हे तांबं-जस्तासारख्या महाग धातूंचं काम आहे. फेल्डस्पारचा टनाचा भाव बघता त्याला आंघोळ घालणं परवडणार नाही. हे माझं मत, हलके घ्या.

बटणवाला
@शंकेखोर, आमच्याकडे तुर्कीचा सोडा फेल्डस्पार येतो, तिकडे चिने आणि मिलासकडे फ्लोटेशनचे मोठमोठे प्लांट आहेत. त्यांच्या दगडात रुटाइल आणि स्फीन असतं, म्हणजे टायटॅनियाचं घर. ते मॅग्नेटला दादच देत नाही. मग फेसाशिवाय पर्याय काय? आणि जहाजाने येऊनही तो माल इथे विकला जातोच की.

शंकेखोर
तुर्कीचं ठीक, पण धागाकर्त्याचा दगड ब्यावरचा आहे. त्यात रुटाइल आहे का हे कुणी बघितलंय?

विदर्भी_खडा
शंकेखोर यांनी नेमका प्रश्न विचारलाय म्हणून लिहितो. मी नागपूरला खनिज प्रक्रियेच्या कामात तीस वर्षं काढली, आता निवृत्त, संत्र्याची चार झाडं सांभाळतो.

डोंगरपायथा, रसायनं बाजूला ठेव. आधी चिमूटभर माल भिंगाखाली बघ. रंग कुठे बसलाय? तीन जागा असतात. एक, वेगळा सुटा कण. काळा अभ्रक म्हणजे बायोटाइट, टूर्मलीन, गार्नेट. हे दळल्यावर सुटे होतात, त्यामुळे मॅग्नेटने किंवा फेसाने काढता येतात. दोन, कणावरचा डाग. पावसाचं पाणी भेगांतून झिरपून लिमोनाइटचा, म्हणजे लोखंडाच्या गंजासारखा, तांबूस लेप बसतो. तो कण मुळात फेल्डस्पारच असतो, म्हणून फेसाला तो ओळखूच येत नाही. त्याला घासायचं असतं. साठ-सत्तर टक्के घट्ट लगदा करून पंख्याखाली कणाला कण घासू द्यायचे, अ‍ॅट्रिशन स्क्रबिंग म्हणतात, आणि मग धुवायचं. फार हट्टी असेल तर ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, पण खर्च बघून. तीन, रंग कणाच्या आतच, स्फटिकाच्या पोटात. तिथे हात टेकायचे आणि तो दगड दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्यायचा.

म्हणून मॅग्नेट की फ्लोटेशन हे भांडण भिंगाआधी करण्यात अर्थ नाही. बायोटाइट नि टूर्मलीन चांगला मॅग्नेट बऱ्यापैकी ओढतो. पांढऱ्या अभ्रकात, म्हणजे मस्कोव्हाइटमध्ये, आयर्न थोडं असतं, तो निसटतो. तिथे फेस कामाला येतो.

आता मला दोन गोष्टी सांग. सेलमध्ये टाकलेली पावडर कुठल्या मेशची? आणि पाणी कुठलं?

जाईजुई
काका, फेस नक्की करतो काय? म्हणजे ताकातून लोणी वर येतं तसं?

रसायनचाचा
अगदी तसंच! रवी घुसळली की हवेचे बुडबुडे होतात, लोण्याचे कण पाण्याला नको असतात म्हणून बुडबुड्याला चिकटतात नि वर येतात.

शंकेखोर
अगदी तसंच नाही. लोणी पाण्यापेक्षा हलकं असतं, ते नुसतं ठेवलं तरी वर येईल. टूर्मलीन पाण्याच्या तिप्पट जड आहे.

रसायनचाचा
म्हणून तर मजा आहे. तो कण स्वतः वर येतच नाही, बुडबुड्याच्या खांद्यावर बसून येतो. फक्त आधी त्याला तेलकट करावं लागतं. कलेक्टर म्हणजे असं रसायन ज्याचं डोकं दगडाला चिकटतं आणि शेपूट तेलकट असते. ज्या कणाला असं तेल लागलं तो पाण्याला विटतो आणि बुडबुडा धरतो. इथे आपण उलटं करतो, चांगला माल खाली ठेवायचा, घाण फेसात काढायची.

अभ्रकासाठी अमाइन वापरतात. अभ्रकाच्या पानांवर जन्मजात ऋण भार असतो, कारण जाळीत काही ठिकाणी सिलिकॉनच्या जागी अ‍ॅल्युमिनियम बसलेला असतो. त्यामुळे पीएच ३ पर्यंत खाली आणला तरी तो भार जात नाही. फेल्डस्पारचा भार मात्र तिथे जवळपास संपलेला असतो. अमाइन धनभारी, मग ते अभ्रकालाच चिकटतं. सगळी गंमत त्या पीएचमध्ये आहे. वर ६-७ ला अमाइन टाकून बघा, सगळंच वर येईल.

भाकरतुकडा
जाता जाता, लोणी काढताना आमची आजी थंड पाणी टाकायची तेव्हा गोळा बसायचा. अमाइनला पण थंड पाणी लागतं का? :P

रसायनचाचा
उलट! टॅलो अमाइन म्हणजे चरबीपासून केलेलं, डिसेंबरात ड्रममध्ये तुपासारखं गोठून बसतं. कोमट पाण्यात अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड घालून विरघळवायचं, तेही पातळ. टनाला ग्रॅमांत हिशोब असतो, पळीने ओतायचं नाही.

डोंगरपायथा
खडा काका, भिंग उद्या घेऊन येतो. पावडर आमची नेहमीचीच, २०० मेश. पाणी बोअरचं, साडेतीनशे फूट.

विदर्भी_खडा
हरे राम. तू तयार पिठाला फेस काढत होतास!

बटणवाला
:हहपुवा: म्हणजे गोणी फाडून सेलमध्ये ओतली.

डोंगरपायथा
हो :( शिवलेलीच गोणी होती.

विदर्भी_खडा
हसू नका, बरेच जण हेच करतात. बघ, इतक्या बारीक मालात निम्मं तरी पीठच असतं. पिठाचा पृष्ठभाग अफाट, ते सगळं रसायन पिऊन टाकतं, शिवाय काळ्या कणांवर लेप देऊन बसतं, म्हणून काळ्याला कलेक्टर लागतच नाही. आणि पीठ बुडबुड्याला चिकटल्यामुळे नाही, तर नुसतं पाण्यासोबत फेसात वाहून वर येतं. तुला दिसला तो पांढरा फेस हाच. फ्लोटेशनला माल भरड हवा, साधारण ३० मेशच्या खाली आणि जितकं पीठ कमी तितकं बरं. दळून झाल्यावर डीस्लायमिंग करायचंच, म्हणजे सायक्लोन नावाच्या यंत्राने किंवा लॅबमध्ये सरळ बादलीत ढवळून, थांबून, वरचं दुधाळ पाणी ओतून टाकायचं. तांदूळ धुतो तसं, पाणी नितळ दिसेपर्यंत. मग फेस. मग वाळवून २०० मेश. तू क्रम उलटा केलास.

आता पाणी. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येतो का तुझ्याकडे?

डोंगरपायथा
नाही येत. अंगाला चिकट पांढरं काहीतरी राहतं. घरून येताना बायको मुद्दाम वेगळा शॅम्पू बांधून देते.

विदर्भी_खडा
मग तेच तुझ्या सेलमध्ये चाललंय. ओलिक अ‍ॅसिड म्हणजे साबणाचाच भाऊ. पाण्यातला कॅल्शियम त्याला धरतो आणि चुन्याचा साबण बनवून टाकतो. दगडापर्यंत पोचायच्या आत तुझा कलेक्टर खर्च. फेस आला तो पाइन ऑइलचा. पहिली चाचणी आरओच्या किंवा पावसाच्या पाण्यावर कर, म्हणजे दगडाचा दोष आणि पाण्याचा दोष वेगळे कळतील.

माझ्या मते तुझ्या जागी मी फॅटी अ‍ॅसिडच्या वाटेला आधी जाणारच नाही. पीएच ३ ला अमाइनने अभ्रक काढ, माल नीट धू, आणि परत ३ लाच पेट्रोलियम सल्फोनेट हा दुसरा कलेक्टर टाकून टूर्मलीन-गार्नेट काढ. तो आम्लातच काम करतो, मग पाण्याच्या कडकपणाचा त्रासही त्यामानाने कमी. कंडिशनिंग, म्हणजे रसायन टाकून ढवळणं, घट्ट लगद्यात कर आणि मग पातळ करून हवा सोड, नवशिके पातळ पाण्यातच रसायन टाकतात नि मग लागत नाही म्हणतात. सेल लोखंडी असेल तर आतून रबर नाहीतर प्लास्टिक लाव, नाहीतर पीएच खाली आणायला टाकलेलं सल्फ्युरिक अ‍ॅसिड सेलच खाईल आणि तू बाहेरून आयर्न घालशील.

ब्लूरिज
वा, या विषयावर मराठीत धागा! मी नॉर्थ कॅरोलिनात शार्लटला राहतो. इथून दोन-अडीच तासांवर स्प्रूस पाइन आहे. तिथे १९४० च्या दशकापासून हेच करतात, तिन्ही टप्प्यांत. आधी अभ्रक फेसात, मग गार्नेट वगैरे आयर्नवाले, आणि शेवटी चक्क फेल्डस्पार फेसात काढून क्वार्ट्झ खाली ठेवतात. तो खालचा क्वार्ट्झ एवढा शुद्ध की पुढे आणखी साफ करून सेमीकंडक्टरच्या सिलिकॉनसाठी लागणाऱ्या मुशी त्याच्यापासून बनतात. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळात ते गाव बुडालं तेव्हा चिपवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ब्लू रिज पार्कवेवर खनिजांचं एक छोटं म्युझियम आहे, मुलांना घेऊन गेलो होतो. मुलगी अभ्रकाचं पान सोलत बसली, निघायलाच तयार नव्हती.

डोंगरपायथा
@ब्लूरिज, क्वार्ट्झ वेगळा काढायचा टप्पा आम्हीपण करू शकतो का? आमच्या दगडात क्वार्ट्झ बराच असतो.

रसायनचाचा
डोंगरपायथा, थांब. त्या टप्प्याला हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड लागतं, एचएफ. ते फेल्डस्पारला अमाइनसाठी तयार करतं नि क्वार्ट्झला सोडून देतं, म्हणून वापरतात. पण ते कातडीतून आत जातं, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि रक्तातला कॅल्शियम ओढून घेतं. हातभर भाजलं तर माणूस हृदय बंद पडून जाऊ शकतो. जवळ कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल, शिकलेली माणसं आणि जवळच दवाखाना नसेल तर त्या बाटलीचं बूच उघडू नकोस. एचएफशिवायचे मार्गही आहेत, मिश्र कलेक्टरचे, पण ते नाजूक काम आहे. तुझा प्रश्न रंगाचा आहे, क्वार्ट्झचा नाही. टाइलवाल्याला तसाही क्वार्ट्झ लागतोच.

बटणवाला
चाचांना अनुमोदन. किती क्वार्ट्झ आहे ते दर गाडीला सारखं असू द्या, एवढंच आमचं मागणं.

शब्दवेडा
फ्लोटेशनला मराठीत 'फेनप्लवन' असा छान शब्द आहे. वापरा की लोकहो.

भाकरतुकडा
प्लवन म्हटलं की ब्यावरचा फोरमन मालकाला विचारेल, हा कुठला प्राणायाम?

शब्दवेडा
तुम्हाला स्लाइम, सेल, कलेक्टर चालतात. कलेक्टर म्हटल्यावर मला तर लाल दिव्याची गाडी दिसली.

विदर्भी_खडा
आमच्याकडे कामगार सरळ 'फेस' म्हणायचे. "साहेब, आज फेस काळा आला" म्हणजे दिवस चांगला गेला.

मातीचे_पाय
थोडं विषयांतर करतेय, पण या सगळ्यात दगड फोडणाऱ्या बायका आणि पावडर भरणारी पोरं कुठे आहेत? मी आरोग्याच्या कामानिमित्त अजमेर-ब्यावर भागात फिरलेय. मिलच्या धुळीने सिलिकोसिस झालेली पस्तिशीतली माणसं बघितलीत, खाटेवर बसूनच झोपतात कारण आडवं झालं की दम लागतो. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये यासाठी वेगळं धोरण केलं, मदतीचे पैसे मिळतात, पण फुप्फुस परत मिळत नाही. पांढऱ्या बटणाची चर्चा वाचताना हे आठवलं म्हणून लिहिलं.

शंकेखोर
विषयांतर नाही हे. आणि इथे मी माझंच मत थोडं मागे घेतो. मी कोरड्या कामाची बाजू घेतली होती, पण ओल्या प्रक्रियेत धूळ तरी कमी उडते.

मातीचे_पाय
दळतानाची धूळ कमी होईल, पण शेवटी वाळवून पुन्हा २०० मेश करणारच ना? शिवाय अमाइनचं पाणी बाहेर सोडलं तर खालच्या तळ्यातले मासे मरतात. गाळाची टाकी, पाणी फिरवून वापरणं, मिलवर धूळ ओढणारी यंत्रणा, हे सगळं खर्चात धरा एवढंच.

डोंगरपायथा
ताई, मान्य. खरं सांगतो, आमच्याकडे भरण्याच्या जागी पंखा आहे, फिल्टर नाही. मी स्वतः रुमाल बांधतो. रुमालाने काही होत नाही हे मलाही कळतं.

नोंदवही
एक माहितीची भर. फेल्डस्पार २०१५ ला गौण खनिजांत टाकला होता, फेब्रुवारी २०२५ मध्ये अभ्रक, क्वार्ट्झ आणि बराइट्ससोबत परत प्रमुख खनिजांत घेतलाय. खाणवाल्यांचे कागद बदलणार, मालकांना विचारून ठेवा. आणि भारतीय खाण ब्यूरोची लॅब अजमेरलाही आहे, फक्त नागपूरला नाही. तुमच्या अगदी उशाशी.

जाईजुई
आमच्या सह्याद्रीत नाही का हो फेल्डस्पार?

विदर्भी_खडा
भरपूर! बेसॉल्टमध्ये निम्म्याच्या आसपास फेल्डस्पारच असतो, प्लॅजिओक्लेज. पण एवढा बारीक आणि काळ्या पायरॉक्सिन खनिजाशी एवढा गुंतलेला की वेगळा काढायला गेलो तर रायगड दळावा लागेल.

भाकरतुकडा
काका, हे वाक्य डिलीट करा, धागा पेटेल :)

---

डोंगरपायथा
मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. धागा खाली गेला होता, वर काढतो.

भिंगाखाली बघितलं. पहिल्या दोन जागी रंग सापडला, काकांनी सांगितलं तसाच. काळे सुटे कण बरेच, त्यातले पातळ पानासारखे बायोटाइट आणि जाड काडीसारखे टूर्मलीन असावेत. आणि फेल्डस्पारच्या भेगांत तांबूस रेघा, हातावर मेंदीची रेघ राहते ना तशा.

मिलमधून भरड माल वेगळा काढला, ३० मेशखालचा. पाणी गावातल्या एका घराच्या टाक्यातून आणलं, पावसाचं साठवलेलं, चार कॅन. त्या काकूंनी विचारलं कशाला, मी म्हटलं दगड धुवायला, त्या अजून हसतायत. घट्ट लगदा करून ड्रिल मशीनला पाती लावून दहा मिनिटं घासलं. पहिलं पाणी ओतलं ते चहासारखं होतं. सहाव्यांदा नितळ आलं. सल्फ्युरिकने पीएच ३, अमाइन अगदी थोडं, हवा सोडली.

आणि फेस करडा आला! वर सगळी चमचम, लग्नात चमकी उडवतात तशी. बोटावर घेतला तर अभ्रकाची पानं चिकटली, संध्याकाळपर्यंत निघाली नाहीत. खाली पांढरं राहिलं. मी एकटाच होतो लॅबमध्ये, तरी टाळ्या वाजवल्या. सल्फोनेटच्या फेरीत फेस तपकिरी-काळा.

बटणं बटणवाला यांच्या पत्त्यावर पाठवली होती.

बटणवाला
मिळाली. तीन बटणं ओळीत ठेवलीत. पहिलं जुनं, गुलाबीसर आणि ठिपके. दुसरं नुसतं मॅग्नेटवालं, ठिपके कमी, छटा तशीच. तिसरं फेसवालं, ठिपका शोधावा लागतो, एकच सापडला. छटा उतरलीय पण अजून फिकट क्रीम आहे. तुर्कीच्या शेजारी ठेवलं तर कळतं, एकटं ठेवलं तर कळत नाही. आमच्या साहेबांनी न सांगता बघितलं नि म्हणाले, हा कुठला नवा सप्लायर?

विदर्भी_खडा
शाब्बास पोरा. राहिलेली क्रीम ही भेगांतली आहे, ती फेसाने जाणार नाही. तिच्यामागे फार लागू नकोस. खाणीतच वरचा मुरलेला दगड वेगळा ठेवायला सांग, निम्मं काम तिथे होईल. माल किती हाती लागला?

डोंगरपायथा
शंभर किलोचा हिशोब धरला तर धुण्यात १४ गेले, दोन्ही फेसात मिळून ७, हाती ७९. मालक म्हणतात २१ किलोचे पैसे कोण देणार.

शंकेखोर
बघा, मी म्हटलं होतं :) हिशोब मांडलाच पाहिजे. ७९ चा वाढीव भाव शंभराच्या जुन्या भावाला पुरतो का? शिवाय अ‍ॅसिड, वीज, पाणी, वाळवण. माझा सल्ला, सगळा माल फेसात घालू नका. चांगला दगड मॅग्नेटवर, मधला फेसात, मुरलेला स्वस्तात विका.

विदर्भी_खडा
यावेळी शंकेखोरांशी सहमत. आणि तो १४ किलो गाळ फेकू नका, रंगीत टाइलच्या बॉडीत खपतो का बघा.

बटणवाला
खपतो. गडद रंगाच्या टाइलला कोण बटण खिडकीत धरून बघतं? भाव मात्र विचारू नका.

डोंगरपायथा
मालकांना तीन ढिगांची कल्पना पटलीय, छोटा प्लांट टाकायचा म्हणतात. मातीचे_पाय ताई, भरण्याच्या जागी फिल्टरचं कोटेशन मागवलंय, ते मी प्लांटच्याच यादीत घुसवून दिलं, वेगळं मागितलं असतं तर मिळालं नसतं.

एक अडचण. शेवटच्या दळणासाठी त्यांनी एक जुनी बॉल मिल (फिरत्या पिंपात गोळ्यांनी दळणारी) बघून ठेवलीय. स्वस्तात मिळतेय, चांगली चालते, पण आत स्टीलचं लायनिंग आणि स्टीलचेच गोळे. काय सांगू?

बटणवाला
नाहीहीही

रसायनचाचा
एवढं सगळं लोखंड काढायचं आणि शेवटी गोळ्यांचं झिजलेलं लोखंड परत घालायचं? सिरॅमिक नाहीतर गारगोटीचे गोळे, आणि लायनिंगही दगडी.

डोंगरपायथा
मी सांगितलं. ते म्हणतात, मॅग्नेट आहे ना, शेवटी एकदा फिरवू.

विदर्भी_खडा
मालकांचा नंबर खासगी निरोपात पाठव. उद्या सकाळी दहाला मी बोलतो.